दहावा माणूस: पगारावर घ्यायचा की काम गुत्त्यावर द्यायचं? एका सोलर फिटिंगच्या दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दुकान छत्रपती संभाजीनगरातलं. घरगुती वायरिंग, बोअरच्या मोटारी, इन्व्हर्टर-बॅटरी ही जुनी कामं, आणि २०२४ पासून छतावरचं सोलर. मी या दुकानाचे हिशेब पाहतो. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि इकडचे-तिकडचे तपशील थोडे बदलले आहेत.

मालक आयटीआय झालेला. वाळूजला कंपनीत काही वर्षं काढली आणि मग स्वतःचं शटर उघडलं. दुकानात सगळे त्याला भाऊ म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला पगारावर सात माणसं होती. नऊ वर्षं दुकानात असलेले, सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेले मामा (पगार २४ हजार), तीन वायरमन (१८ हजार), दोन हेल्पर (साडेतेरा हजार) आणि काउंटरवर बिलं, फोन व महावितरणची कागदपत्रं सांभाळणारी एक ताई (१३ हजार). विजेच्या कामाचा ठेकेदार परवाना भाऊंच्या नावाचा, आणि त्या परवान्यावर सुपरवायझर म्हणून मामांचं नाव. ही साधी वाटणारी गोष्ट पुढे आडवी आली.

कागदं फार नव्हती. हजेरीची वही, उचलीची वही आणि महिन्याच्या सात तारखेला रोख पगार. मराठवाड्यात बहुतेक छोट्या दुकानांचं असंच चालतं आणि त्याने कोणाचं अडतही नाही, धंदा वाढत नाही तोवर.

अडचण कुठून आली

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान, म्हणून रो-हाऊसवाले दारात रांगेने उभे. एप्रिलपर्यंत दुकानाकडे इतक्या ऑर्डर झाल्या की मामांची टोळी सकाळी सिडकोत, दुपारी सातारा परिसरात आणि संध्याकाळी मोटार बिघडली म्हणून फुलंब्रीच्या वाटेला. ३ किलोवॅटचा संच म्हणजे पाच-सहा पॅनल, गॅल्व्हनाइज्ड पाइपचा सांगाडा, स्लॅबला केमिकल अँकर (भोक पाडून रसायनाने पक्के केलेले बोल्ट), अर्थिंगचे तीन खड्डे, डीसी-एसीच्या पेट्या, इन्व्हर्टर. चार माणसांचे दोन दिवस धरून चला. त्यात आपल्या शहरात प्रत्येक गच्चीवर पाण्याच्या दोन-दोन टाक्या. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी लोक नशीब समजतात. टाकीची सावली पॅनलवर पडू नये म्हणून सांगाडा उंच घ्यावा लागतो. सांगाडा उंच झाला की वाराही जास्त आणि पडण्याची भीतीही.

मे महिन्यात एक वायरमन उन्हाने आजारी पडला, दुसऱ्याने लग्नसराईत आठवडाभर खाडा केला. तीन ग्राहकांचे ॲडव्हान्स परत गेले. भाऊ माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: "माणसं वाढवू, का काम गुत्त्यावर देऊ?"

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांना एका ओळखीच्या ठेकेदाराने सुचवला होता. सगळ्यांनाच गुत्तेदार करून टाकायचं. शंभराच्या स्टॅम्पवर करार, पगाराऐवजी "कामाचं बिल", म्हणजे ना विमा, ना रजा, ना पुढे ग्रॅच्युइटी. कराराचा नमुनासुद्धा व्हॉट्सॲपवर आला होता, त्यात दुसऱ्याच कुठल्यातरी शहराचं नाव तसंच राहिलेलं.

तो मामांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "कागदावर मी मालक, आन् सकाळी आठला हजेरी तुमच्याकडंच? कामून पण?"

कायद्याचं म्हणणंही याहून वेगळं नाही. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात नगावर पैसे घेणाऱ्या शिंप्यांना नोकर ठरवलं. ते शिंपी काही कपडे घरी नेऊन शिवत, दुसरीकडचं कामही करू शकत. तरी मशीन दुकानाची, आणि शिवण नापसंत करून उसवायला लावण्याचा हक्क मालकाचा, हे कोर्टाने पाहिलं. आमच्याकडे तर ड्रिल दुकानाचं, गाडी दुकानाची, वेळ भाऊ ठरवणार आणि बाहेरचं काम करायला मनाई. असा करार टिकणार नव्हता. शिवाय परवान्यावर ज्याचं सुपरवायझर म्हणून नाव आहे, तोच माणूस आपला नोकर नाही असं लिहून द्यायचं, तर परवान्याच्या पायावरच कुऱ्हाड. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय सरळ भरतीचा, चार माणसं आणखी. मग संख्या अकरा होते. "दहाच्या वर गेलं की सरकार दारात येतं," असं भाऊंना कोणीतरी सांगून ठेवलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दहा माणसांपासून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय, कामगारांच्या आजारपणाचा आणि अपघाताचा सरकारी विमा) लागू होतो: मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. एकदा लागू झाला की पुढे माणसं नऊ झाली तरी सुटत नाही. ग्रॅच्युइटीचंही तसंच. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून, त्यामुळे तो प्रश्न लांब होता. भाऊंचा सगळा हिशेब मात्र "दहाच्या आत राहायचं" या एका आकड्याभोवती फिरत होता.

तिसरा पर्याय म्हणजे मोटारी, वायरिंग आणि सोलरचं विजेचं काम पगारी माणसांकडे ठेवायचं, आणि सांगाडा उभारून पॅनल बसवण्याचं काम एका टोळीला किलोवॅटवर द्यायचं. गंगापूर तालुक्यातली चार पोरं होती, त्यांचा म्होरक्या वाळूजला वेल्डिंग करून आलेला. भाव ठरला किलोवॅटला दोन हजार, म्हणजे ३ किलोवॅटला सहा हजार. स्वतःची माणसं लावली तर तेच काम पाच हजारांच्या आसपास पडायचं. पण गुत्त्यात रिकाम्या दिवसाचा पगार नाही, खाड्याची कटकट नाही.

शिकाऊ उमेदवारांचाही विचार झाला. चार किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला ते घेता येतात आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्राच्या योजनेतून मिळतो. पण नवख्या पोराला पहिल्याच महिन्यात उतरत्या छतावर चढवायचं नसतं, आणि गरज तर आज होती.

काय केलं आणि ते कसं बिघडलं

जून २०२४ मध्ये तिसरा पर्याय घेतला. त्या दिवशी तो बरोबरच होता असं माझं आजही मत आहे. बिघडला तो नंतर, हळूहळू.

सुरुवातीला टोळी स्वतःचं ग्राइंडर-ड्रिल आणायची, कामाचा दिवस म्होरक्या सांगायचा. ऑगस्टपर्यंत भाऊंनी त्यांना दुकानाचं हॅमर ड्रिल दिलं, कारण त्यांचं जळालं होतं. मग सकाळी आठला व्हॉट्सॲपवर पत्ता जाऊ लागला. मग "आज दुसरीकडं जायचं नाही" सुरू झालं. मग उचल. सप्टेंबरात मी वही चाळली तेव्हा टोळीच्या नावापुढे ताईने दिवसांच्या हजेरीच्या रेघा ओढलेल्या होत्या. गुत्त्यात रेघा कशाला? किलोवॅट मोजायचे ना? विचारलं तर ताई म्हणाली, "भाऊच म्हणले, कोण कधी आलं ते लिहीत जा."

या रेघांना मी इतकं महत्त्व देतोय, कारण देखरेख कोणाची यावरच सगळं ठरतं. कलकत्त्याच्या वीज कंपनीच्या खटल्यात ठेकेदाराच्या माणसांना राज्य विमा लागू होतो का हा प्रश्न होता. काम पुरं झाल्यावर ते तपासून घेणं म्हणजे देखरेख नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये म्हटलं. म्हणजे काम देऊन बाजूला झालात आणि शेवटी पाहिलंत, तर तो ठेकेदार. रोज सकाळी हजेरी घेतलीत, हत्यार दिलंत, दिवस बांधून घेतलात, तर ती तुमची माणसं. भाऊ दहाच्या आत राहायचं म्हणून धडपडत होते. वहीतल्या रेघा मोजल्या तर ते कधीच अकरावर गेले होते.

दुसरी गोष्ट गळतीची. पावसाळ्यात गारखेड्यातल्या एका घराचं छत गळू लागलं. अँकर मारताना टोळीने वॉटरप्रूफिंगचा थर फोडला होता आणि भोकं नीट सील केली नव्हती. टोळीचे पैसे देऊन झालेले. फोन आला तो दुकानात, आणि जाणारे मामाच. सूर्यघरच्या कामात विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. पोर्टलवर नाव दुकानाचं, टोळीचं नाही. अशा परत जाण्यांची मी ताईला वेगळी वही करायला लावली. तीत माणूस, वेळ, पेट्रोल, सीलंटच्या नळ्या सगळं लिहायचं. दोन महिन्यांत दिसलं की टोळीने बसवलेल्या कामांवर मामांची माणसं इतके तास घालवत होती की गुत्त्यातून होणारी बचत उलटून गेली होती.

अपघात

ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर, टोळीतला एक पंचवीस वर्षांचा पोरगा शिडीवरून घसरून खालच्या गच्चीवर पडला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लेट घालावी लागली. बिल ५४ हजार.

म्होरक्या दवाखान्यात भाऊंकडे बघत होता आणि भाऊ म्होरक्याकडे. करारात लिहिलं होतं: "कामावर काही इजा झाल्यास जबाबदारी ठेकेदाराची." ही ओळ माणसाला झोप देते, पण कोर्टात तिचा फारसा उपयोग नाही. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात कलम १२ होतं. काम तुमच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असेल, तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई आधी तुम्ही द्यायची. ठेकेदाराकडून वसूल करायची ती नंतर. २००९ च्या दुरुस्तीने प्रत्यक्ष इलाजाचा खर्चही भरपाईत आला. आणि म्होरक्याकडून वसूल काय करणार? त्याच्याकडे एक वेल्डिंग मशीन आणि गावी दीड एकर.

भाऊंनी बिल भरलं आणि पोराच्या घरी तीन महिने अर्धा पगार पोचवला. हे त्यांनी कायदा पाहून केलं नाही. पोराची आई दवाखान्यात येऊन बसली होती. नंतर मी त्यांच्यासमोर दुसरा हिशेब मांडला. पोरगा रस्त्याच्या बाजूला पडला असता तर? पंचवीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूला मजुरीची मर्यादा १५ हजार, तिचे ५० टक्के, गुणिले कायद्यातल्या वयानुसारच्या कोष्टकातला २१६.९१ हा आकडा: १६,२६,८२५ रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला तर ६० टक्क्यांनी १९,५२,१९०. दुकानाकडे या जोखमीची एकही पॉलिसी नव्हती. भाऊ बराच वेळ कॅल्क्युलेटरवर तोच गुणाकार पुन्हा करत राहिले.

टोळीतल्या कोणाचीही बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी नव्हती. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो भाऊ सहज देऊ शकले असते. कोणी मागितला नाही, कोणी सुचवला नाही.

दुसऱ्यांदा घेतलेला निर्णय

दिवाळी झाल्यावर आम्ही बसलो ते "पगार स्वस्त की गुत्तं स्वस्त" हा प्रश्न बाजूला ठेवून. दुकानातल्या कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली: हे काम बिघडलं तर फोन कोणाला येतो? अँकर, पॅनल, केबल, पेट्या, अर्थिंगची जोडणी या सगळ्यांचा फोन दुकानाला. ही कामं पगारी माणसांनीच करायची. अर्थिंगचे खड्डे खोदणं, काँक्रीटचे ठोकळे, पॅनल वर चढवायची क्रेन, उंच सांगाड्याचं वेल्डिंग ही कामं जागेवर संपतात किंवा दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये होतात. ती गुत्त्यावर.

वेल्डिंगसाठी चिकलठाण्याचा एक फॅब्रिकेटर घेतला. त्याचं स्वतःचं वर्कशॉप, स्वतःचा जीएसटी नंबर, पाच-सहा दुसरी गिऱ्हाईकं आणि माणसांची पॉलिसी. त्याच्या बिलातले दहा टक्के पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायचे ठरले. तो आधी कुरकुरला, मग भावात थोडं वाढवून तयार झाला. २०२४-२५ ची उलाढाल सोलरच्या मालामुळे एक कोटीच्या वर गेली, म्हणून एप्रिल २०२५ पासून त्याच्या बिलातून एक टक्का टीडीएसही कापावा लागतो.

आता टोळी. म्होरक्याला १९ हजारांवर आणि एका पोराला साडेचौदा हजारांवर जानेवारीपासून पगारावर घेतलं. चौथा गावी परतला. माणसं झाली नऊ. दहावा होता तोच मनगट मोडलेला पोरगा.

इथे भाऊ अडले, आणि त्यांचं अडणं मला चुकीचं वाटलं नाही. त्याला घेतला की राज्य विमा सगळ्यांना. मामा २१ हजारांच्या वर म्हणून वगळले, तर बाकी नऊ जणांचा पगार १ लाख ४२ हजार. मालकाचा वाटा महिन्याला ४,६१५, वर्षाला ५५,३८०. हा आकडा त्यांना पटला, कारण दवाखान्याचं बिल जवळपास तेवढंच होतं. शिवाय विमा असलेल्या माणसाच्या अपघाताची भरपाई मग विमाच देतो, आणि चिकलठाण्याला कामगार विम्याचा दवाखाना आहे. टोचलं ते दुसरंच. ग्रॅच्युइटी लागू झाली की मामांची जुनी वर्षंही मोजली जाणार. २४ हजार गुणिले १५ भागिले २६, गुणिले नऊ वर्षं: १ लाख २४ हजारांच्या वर. हे देणं वहीत कुठेच नव्हतं.

भाऊ म्हणाले, "म्हणजे एका पोराला घेतलं तर मामांचे सव्वा लाख निघतात?"

निघतात. आणि मामा ते आज मागत नाहीत म्हणून ते नाहीत असं होत नाही. त्या दिवशी निर्णय झाला नाही. फेब्रुवारी गेला. मार्च २०२५ मध्ये पोराचं मनगट कामाजोगं झालं. भाऊंनी त्याला पेट्यांच्या जोडणीवर, जमिनीवरच्या कामाला घेतलं आणि आम्ही राज्य विम्याची नोंदणी केली. ग्रॅच्युइटीसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जाते. मामांसाठी नुकसानभरपाईची स्वतंत्र पॉलिसी काढली, कारण ते राज्य विम्याच्या बाहेर.

परिणाम

२०२५ च्या पावसाळ्यात गळतीची एकच तक्रार आली, तीही जुन्या, टोळीने केलेल्या कामाची. परत जाण्याची वही पातळ झाली.

पण पगार जड झाला. जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डरी आटल्या, आणि दहा पगार देताना एका महिन्यात दुकानाला घरून पैसे घालावे लागले. काम गुत्त्यावर असतं तर हा महिना पगाराविना निभावला असता. भाऊंनी तेव्हा जुन्या ग्राहकांकडे वर्षाच्या करारावर पॅनल धुण्याचं काम काढलं. आपल्याकडच्या धुळीत त्याला गिऱ्हाईक मिळतं. तूट भरून आली नाही, थोडी कमी झाली. एक वायरमन शेंद्र्याच्या कंपनीत जास्त पगारावर गेला, त्याच्या जागी साडेसोळा हजारांवर नवा घेतला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा, राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, आणि नियुक्तीपत्र सगळ्यांना द्यावं लागतं. भाऊंनी ते दिलं. हेल्परने ते लॅमिनेट करून आणलं, बँकेत कर्जाला लागेल म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

टोळी घेतली त्या दिवशीच नुकसानभरपाईची पॉलिसी घ्यायला हवी होती, पगारी माणसं असोत की गुत्त्याची. हे एवढं केलं असतं तर ऑक्टोबर हलका गेला असता.

गुत्तं द्यायचंच होतं तर ते गुत्तंच राहू द्यायला हवं होतं. जळालेल्या ड्रिलच्या जागी दुकानाचं ड्रिल गेलं तो क्षण मला निर्णयाचा वाटतो, जरी त्या दिवशी कोणी काही ठरवलं नव्हतं. तिथे दोनच सरळ वाटा होत्या. "ड्रिल तुम्ही आणा, भाव शंभराने वाढवून घ्या" म्हणायचं, नाहीतर त्याच दिवशी पगारावर घ्यायचं. मधली वाट सगळ्यात महाग पडली: पगारी माणसाचं नियंत्रण मालकाकडे आणि गुत्त्याची बेफिकिरी कामात.

राखीव रकमेची अट पहिल्या टोळीलाही घालता आली असती का? मला शंका आहे. ज्याला रोजचा बाजार रोजच्या पैशाने करायचा, तो दहा टक्के पावसाळाभर सोडू शकत नाही. ती अट मानू शकणारा माणूसच बहुधा खरा गुत्तेदार असतो.

आत्ताची स्थिती

म्होरक्या पुन्हा गुत्त्यावर जायचं म्हणतोय. त्याने हिशेब केला आहे: दोन पोरं घेऊन महिन्याला दहा संच बसवले तर पगारापेक्षा जास्त सुटतात. भाऊंनी नाही म्हटलेलं नाही. उद्यम नोंदणी, माणसांची पॉलिसी, स्वतःचे सेफ्टी बेल्ट-दोर आणि ड्रिल, आणि दुसऱ्या एखाद्या दुकानाचं काम हातात असल्याचा पुरावा आणायला सांगितलं आहे. दहा टक्के राखून ठेवण्याची अट त्यालाही आहे. पाडव्यापर्यंत त्याने सांगायचं, तोवर तो पगारावरच आहे.